पहिलें ॲप आणि त्याचा ताळा

भागाकाराचें उदाहरण सोडवून झाल्यावर विद्यार्थी त्याचा ताळा पाहतो. भाजक आणि भागाकार ह्यांचा गुणाकार करून त्यांत बाकी मिळविली म्हणजे मूळचा भाज्य आला पाहिजे. तो न आला, तर उदाहरण कितीहि सुबक अक्षरांत मांडलेलें असो, तें चुकलेलें आहे. ही प्राथमिक शाळेंत लागलेली संवय एका अगदीं नव्या उद्योगास कशी लावावी, तें ह्या लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचीं अशीं साधनें निघालीं आहेत कीं, आपणांस काय हवें तें साध्या भाषेंत, मराठींतहि, लिहून दिलें असतां तीं संगणकाचा प्रोग्राम लिहून देतात. ज्यानें प्रोग्रामची एकहि ओळ कधीं लिहिली नाहीं, असा नववींतील विद्यार्थी अर्ध्या तासांत एखादें लहानसें ॲप उभें करूं शकतो. ह्याचा मुलांस आनंद होतो, आणि तो योग्यच आहे. पालकांच्या मनांत मात्र दोन प्रश्न येतात. हें शिकणें आहे कीं नक्कल? आणि यंत्रच जर प्रोग्राम लिहूं लागलें, तर मुलांनीं तो लिहावयास शिकावें तरी कशाला? ह्या प्रश्नांचीं उत्तरें नुसत्या वादानें मिळणार नाहींत. एक उदाहरण आरंभापासून शेवटपर्यंत करून पाहिलें म्हणजे तीं आपोआप हातीं येतात.

१. भाषेचें अंतर कसें कमी झालें

संगणकाच्या यंत्रास मुळांत शून्य व एक ह्या दोनच खुणा कळतात. प्रारंभीच्या काळांत प्रोग्राम लिहिणारास ह्या यंत्रभाषेंतच विचार करावा लागे. १९५२ च्या सुमारास अमेरिकेंत ग्रेस हॉपर ह्या विदुषीनें ए-झिरो नांवाची योजना तयार केली. तिच्या योगानें मनुष्यानें संकेतांनीं दिलेल्या सूचनांवरून यंत्रच आपला प्रोग्राम जुळवूं लागलें. १९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांचे सहकारी ह्यांनीं तयार केलेली फोरट्रान भाषा आयबीएम कंपनीनें प्रसिद्ध केली, आणि गणितांतील सूत्रांसारख्या ओळी लिहून संगणकास काम सांगतां येऊं लागलें. २००७ सालीं अमेरिकेंतील एमआयटी ह्या संस्थेनें मुलांसाठीं स्क्रॅच ही भाषा सर्वांस खुली केली. तींत रंगीत ठोकळे एकमेकांस जोडून प्रोग्राम करितात. २०२१ सालीं प्रोग्रामच्या पुढील ओळी सुचविणारें गिटहब कोपायलट हें साधन चाचणीसाठीं निघालें, व ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी सर्वांस खुलें झालें. फेब्रुवारी २०२५ मध्यें आंद्रे कार्पथी ह्या संगणकतज्ज्ञांनीं, लिहिलेल्या कोडकडे फारसें न पाहतां केवळ सांगून प्रोग्राम करवून घेण्याच्या रीतीस 'व्हाइब कोडिंग' असें नांव दिलें. कॉलिन्स ह्या इंग्रजी कोशानें त्या वर्षाचा शब्द म्हणून तोच निवडला.

ह्या साखळींत मनुष्याची भाषा व यंत्राची भाषा ह्यांमधील अंतर सारखें कमी होत आलें आहे. तथापि शेवटच्या पायरींत एक मोठा भेद आहे, तो विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानीं घ्यावा. फोरट्रानसारख्या भाषेंतून यंत्रभाषेंत होणारें भाषांतर नियमबद्ध असतें. एका ओळीचा अर्थ आज एक व उद्यां दुसरा, असें होत नाहीं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनानें पूर्वीं लिहिलेला पुष्कळ मजकूर व पुष्कळ प्रोग्राम ह्यांचा अभ्यास केलेला असतो, आणि अशा ठिकाणीं पुढें बहुधा काय येतें, ह्या अनुमानानें तें लिहीत जातें. म्हणून एकच मागणी दोन वेळां केली, तर दोन निराळे प्रोग्राम मिळूं शकतात. 'बहुधा' ह्या शब्दांतच ह्या साधनांचें सामर्थ्यहि आहे आणि धोकाहि आहे. जेथें उत्तर 'बहुधा' बरोबर असतें, तेथें ताळा पाहणें टाळतां येत नाहीं.

२. आधीं कागद, मग यंत्र

समजा, आपल्या वर्गाच्या कपाटांत चाळीस पुस्तकें आहेत. मुलें तीं घरीं नेतात, आणि कोणीं कोणतें पुस्तक केव्हां नेलें ह्याची नोंद एका वहींत होते. पुस्तक चौदा दिवसांत परत करावें, त्यापुढें दर दिवसास एक रुपया दंड द्यावा, असा नियम आहे. ही वही ॲपच्या रूपानें करावयाची आहे. पहिल्या ॲपला असाच विषय चांगला; तो लहान आहे, ओळखीचा आहे, आणि त्याचें उत्तर बरोबर कीं चूक हें आपणांस यंत्राची मदत न घेतां ठरवितां येतें.

साधन उघडण्यापूर्वीं एक कोरा कागद घ्यावा व त्यावर चार प्रश्नांचीं उत्तरें लिहावींत. हें ॲप कोण वापरणार? त्यांत काय भरावयाचें? त्यांतून काय दिसलें पाहिजे? आणि त्यानें काय करावयाचें नाहीं? शिंपी कितीहि कुशल असला, तरी माप चुकीचें दिलें तर सदरा आंखूडच व्हावयाचा. येथें माप देणें हें आपलें काम आहे. कागदावरील उत्तरांवरून साधनास द्यावयाची मागणी पुढीलप्रमाणें लिहितां येईल:

"एकाच फाईलींत मावणारें व इंटरनेट नसतांनाहि चालणारें एक वेबपान तयार कर. त्यांत पुस्तकाचें नांव, विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक व पुस्तक नेल्याची तारीख भरतां यावी. परत करण्याची तारीख नेल्यापासून चौदा दिवसांनीं यावी. उशीर झाल्यास दर दिवसास एक रुपया दंड दाखवावा. एक पुस्तक परत आल्याशिवाय दुसऱ्यास देतां येऊं नये. सर्व मजकूर मराठींत असावा. प्रत्येक भागाचें काम काय, तें कोडमध्येंच मराठींत लिहून ठेव."

ह्या मागणींतील शेवटचें वाक्य सर्वांत महत्त्वाचें आहे. जें आपणांस समजणार नाहीं, तें आपणांस दुरुस्तहि करितां येणार नाहीं.

साधन जें लिहून देईल त्यांत तीन भाग दिसतील. एचटीएमएल म्हणजे पानाचा सांगाडा. नांव कोठें, रकाना कोठें, बटण कोठें, हें त्यांत असतें. सीएसएस म्हणजे त्याचा पोशाख; रंग, अक्षरांचा आकार, ओळींतील अंतर हें त्यांत ठरतें. जावास्क्रिप्ट म्हणजे त्याची हालचाल. बटण दाबल्यावर काय व्हावें, तारीख कशी मोजावी, दंड कसा काढावा, हें सर्व त्या भागांत असतें. ही फाईल संगणकावर जतन करून ब्राउझरमध्यें उघडली कीं ॲप समोर येतें. येथें बहुतेक विद्यार्थी 'झालें' असें म्हणतात. खरा अभ्यास येथूनच सुरू होतो.

३. ताळा पाहणें

ॲपला प्रश्न विचारण्यापूर्वीं त्याचें उत्तर आपण स्वतः कागदावर काढून ठेवावें. उत्तर आधीं माहीत नसेल, तर पडद्यावर येणारा कोणताहि आंकडा खरा वाटतो.

पहिला ताळा तारखेचा. २० फेब्रुवारी २०२७ रोजीं नेलेलें पुस्तक केव्हां परत यावें? फेब्रुवारीचे दिवस अठ्ठावीस. वीस आणि चौदा मिळून चौतीस. त्यांतून अठ्ठावीस वजा केले म्हणजे ६ मार्च. २०२८ हें लीप वर्ष आहे. त्या वर्षीं त्याच तारखेस नेलेलें पुस्तक ५ मार्चला यावें. ह्या दोन्ही तारखा ॲपमध्यें भरून पाहाव्या.

आतां ॲपनें २०२८ साठीं ५ मार्चऐवजीं ४ मार्च दाखविला, तर काय समजावें? भारतांत ही चूक घडण्यासारखी आहे, आणि तिचें कारण मोठें बोधप्रद आहे. जावास्क्रिप्टमध्यें तारीख ठरवितांना ती पुष्कळदा आपल्या घड्याळाप्रमाणें मध्यरात्रीची धरली जाते. परंतु तारीख लिहून दाखविण्याची जी एक सूचना फार प्रचारांत आहे, ती जागतिक प्रमाणवेळेनें लिहिते. भारताची वेळ तिच्याहून ५ तास ३० मिनिटें पुढें आहे. म्हणून आपल्याकडे ५ मार्चची मध्यरात्र होते, त्या क्षणीं जागतिक वेळेनें ४ मार्चचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात, आणि पडद्यावर ४ मार्च उमटतो. लंडनमध्यें हिवाळ्यांत तोच प्रोग्राम बरोबर तारीख दाखवील, कारण तेथील घड्याळ त्या दिवसांत जागतिक वेळेशीं जुळतें. भूगोलाच्या तासाला शिकलेले रेखांश व प्रमाणवेळ असे अकस्मात् आपल्या कपाटांतील पुस्तकापाशीं येऊन उभे राहतात.

ही चूक एका दिवसाची आहे खरी. पण वर्गांतील एखादा मुलगा ठरल्या दिवशींच पुस्तक परत आणील, आणि ॲप त्याच्या नांवें एक रुपया दंड मांडील. त्यानें काय करावें? 'संगणक सांगतो' ह्यापुढें लहान मुलाचें काय चालणार? रुपया लहान आहे, अन्याय लहान नाहीं. हें काम नीट करण्याचें खरें कारण आमच्या मतें हेंच आहे. आपण केलेलें ॲप दुसऱ्यानें वापरलें, कीं त्यांतील चुकीची किंमत तो दुसरा देतो.

दुसरा ताळा बेरजेचा. एका विद्यार्थ्याची मागील बाकी ५ रुपये आहे, व आजचा दंड ३ रुपये झाला. एकूण ८ रुपये दिसले पाहिजेत. पडद्यावर ५३ दिसले, तर घाबरून जाऊं नये. पानावरील रकान्यांत भरलेला आंकडा जावास्क्रिप्टला प्रथम अक्षरासारखा मिळतो, आणि दोन अक्षरें मिळविणें म्हणजे तीं शेजारीं शेजारीं मांडणें. त्यांस आधीं संख्येचें रूप द्यावें लागतें. तें देण्याचें राहिलें म्हणजे पांच आणि तीन मिळून त्रेपन्न होतात.

तिसरा ताळा आपल्या लिपीचा. रकान्यांत इंग्रजी वळणाचा पांच लिहावा, नंतर देवनागरी वळणाचा पांच लिहावा. संख्या ओळखण्याची जावास्क्रिप्टची नेहमींची रीत देवनागरी अंकांस संख्या मानीत नाहीं, व 'ही संख्या नव्हे' अशा अर्थाचा शेरा देते. आपल्या वर्गांतील मुलें जर मराठी अंक लिहिणार असतील, तर त्यांचें रूपांतर करण्याची सोय आपणांस स्वतंत्रपणें मागावी लागेल.

चौथा ताळा आडवळणाचा. पुस्तकाचें नांव रिकामें ठेवून बटण दाबावें. एकच पुस्तक दोघांस देऊन पाहावें. नेल्याच्या तारखेच्या आधींची तारीख परत करण्यासाठीं भरून पाहावी. चांगल्या ॲपनें अशा वेळीं गप्प न बसतां काय चुकलें तें सांगितलें पाहिजे.

पांचवा ताळा टिकाऊपणाचा. ब्राउझर बंद करून पुनः उघडावा. नोंदी गेल्या, तर त्या कोठेंच जतन होत नाहींत असें समजावें. त्या राहिल्या, तरी बहुधा त्याच ब्राउझरच्या साठ्यांत आहेत. दुसऱ्या संगणकावर त्या दिसणार नाहींत, आणि कोणीं ब्राउझरची माहिती पुसली तर त्याहि पुसल्या जातील. म्हणून ॲप चांगलें चालूं लागेपर्यंत जुनी वही बंद करूं नये.

४. चूक सांपडल्यावर

चूक सांपडणें ही लाजेची गोष्ट नाहीं; ती न शोधणें ही आहे. चूक सांपडली म्हणजे 'हें चालत नाहीं, नीट कर' असें साधनास सांगूं नये. वैद्याकडे जाऊन 'बरें वाटत नाहीं' एवढेंच सांगणाऱ्या रोग्यासारखें तें होईल. काय भरलें, काय यावयास हवें होतें व काय आलें, ह्या तीन गोष्टी सांगाव्या. 'नेल्याची तारीख २० फेब्रुवारी २०२८, अपेक्षित ५ मार्च, दिसली ४ मार्च. कारण आधीं सांग, मग दुरुस्ती कर,' अशी मागणी केली असतां उत्तर पुष्कळ चांगलें मिळतें, आणि त्या कारणांतून आपणहि शिकतों. एका वेळीं एकच दुरुस्ती करावी, आणि दुरुस्तीनंतर पांचहि ताळे पुनः पाहावे. एक भोक बुजवितांना दुसरें पडण्याचा संभव असतो.

दुरुस्तीपूर्वीं चालत्या फाईलीची एक प्रत तारीख घालून बाजूस ठेवावी. हा नियम मोठ्यांसहि लागू आहे. जुलै २०२५ मध्यें अमेरिकेंतील एक उद्योजक रेप्लिट ह्या सेवेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें ॲप तयार करीत होते. परवानगीशिवाय कोणताहि बदल करूं नये असें त्यांनीं बजाविलें असतांहि त्या साधनानें माहितीचा सगळा साठा पुसून टाकिला, आणि तो परत मिळणार नाहीं असेंहि सांगितलें. पुढें तो परत मिळाला. ही गोष्ट घडावयास नको होती, हें कंपनीच्या प्रमुखांनीं जाहीरपणें मान्य केलें. ह्यांत बोध दुहेरी आहे. साधन चूक करूं शकतें, आणि आपल्या चुकीविषयीं तें जें सांगतें तेंहि चुकीचें असूं शकतें.

५. काय देऊं नये

अशा साधनास आपण जें लिहून देतों तें दूरच्या संगणकावर जातें. म्हणून पासवर्ड, घरचा पत्ता, दूरध्वनि क्रमांक, वर्गमित्रांचीं नांवें व गुण ह्यांपैकीं कांहींहि त्यांत लिहूं नये. चाचणीसाठीं काल्पनिक नोंदी वापराव्या. वरील मागणींत विद्यार्थ्याच्या नांवाऐवजीं हजेरी क्रमांक मुद्दाम घातला आहे, तो ह्याचसाठीं. भारतानें २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यांत अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानलें असून बालकांची माहिती हाताळण्यापूर्वीं आईबापांची किंवा पालकांची संमति घ्यावी असें म्हटलें आहे. तेव्हां दुसऱ्याची माहिती ही दुसऱ्याची वस्तु आहे, हें तत्त्व मुलांनीं पहिल्या ॲपपासूनच पाळावें. तसेंच ह्या साधनांच्या अटींत वयाची मर्यादा असते. कांहींत ती अठरा वर्षांची आहे, तर कांहींत तेरा वर्षें पुरीं होऊन पालकांची संमति लागते. त्या अटी पालकांनीं स्वतः वाचाव्या व आरंभीं पाल्याजवळ बसावें.

६. 'हें मीं केलें'

आतां आरंभीच्या दोन प्रश्नांकडे वळूं. हें शिकणें आहे कीं नक्कल? ज्या विद्यार्थ्यानें मागणी लिहिली, आलेली फाईल उघडली आणि लगेच मित्रांस दाखविली, त्यानें दुसऱ्याच्या वहींतील उत्तर उतरून घेतलें, एवढेंच म्हणावें लागेल. ज्यानें नियम कागदावर मांडले, उत्तरें आधीं काढलीं, चूक शोधली, तिचें कारण समजून घेतलें व दुरुस्ती पडताळून पाहिली, त्यानें मात्र पुष्कळ कांहीं शिकलें. दोघांच्याहि ॲपचें बाह्य रूप एकच असूं शकेल. म्हणून केवळ ॲप पाहून गुण देतां येणार नाहींत.

पालकांस प्रोग्राम येत नसला, तरी त्यांस ही परीक्षा सहज घेतां येईल. पाल्यास तीन गोष्टी विचाराव्या. चौदा दिवस ही संख्या कोडमध्यें कोठें आहे, ती साधनाची मदत न घेतां दहा करून दाखव. ह्या ॲपमध्यें तुला कोणती चूक सांपडली व ती कशामुळें झाली होती? आणि हें ॲप कोणत्या वेळीं चुकीचें उत्तर देईल असें तुला वाटतें? तिन्ही उत्तरें नीट मिळालीं, तर मुलगा किंवा मुलगी शिकत आहे ह्यांत शंका नाहीं. ॲपच्या पायथ्याशीं, कोणत्या साधनाची मदत घेतली हें एका ओळींत लिहावयास लावावें. मदत घेणें गैर नाहीं. ती लपविणें गैर आहे.

दुसरा प्रश्न, मग शिकावें तरी कशाला? पांच आणि तीन मिळून त्रेपन्न कां झाले, हें अक्षर व संख्या ह्यांतील भेद ज्यास ठाऊक आहे त्यासच कळतें. चल, अट, आवर्तन, यादी व फंक्शन ह्या पांच कल्पना ज्यानें समजून घेतल्या, त्यास यंत्रानें लिहिलेलें वाचतां येऊं लागतें. हातानें गुणाकार येणाराच गणकयंत्राचें उत्तर पाहून 'हें फार मोठें दिसतें' असें म्हणूं शकतो. यंत्र जसजसें अधिक लिहील, तसतशी तें वाचून पारखणाऱ्या माणसांची गरज वाढेल.

अभ्यास

(१) ३१ जानेवारी २०२७ रोजीं नेलेलें पुस्तक कोणत्या तारखेस परत यावें, तें आधीं कागदावर काढा व नंतर ॲपमध्यें भरून पाहा.

(२) जावास्क्रिप्टच्या एका पद्धतींत महिने शून्यापासून मोजतात. जानेवारीस शून्य, फेब्रुवारीस एक. हें विसरल्यास तारखेंत कोणती चूक होईल, तें सांगा.

(३) परत करण्याचा दिवस रविवारीं आला तर दंड सोमवारनंतर धरावा, असा नियम करावयाचा आहे. त्यासाठीं साधनास द्यावयाची मागणी तीन वाक्यांत लिहा, आणि तिचा ताळा पाहण्यासाठीं दोन तारखा निवडा.

(४) आपल्या घरांतील कोणती वही ॲपच्या रूपानें करितां येईल? दुधाचा हिशेब, विजेच्या देयकांची नोंद, भिशीची वही, ह्यांपैकीं एक निवडून वरील चार प्रश्नांचीं उत्तरें घरांतील वडील माणसांस विचारून लिहा. दुधाच्या हिशेबांत खाडे कसे धरावयाचे, हें घरांतील आईस ठाऊक असतें, तें कोणत्याहि यंत्रास ठाऊक नसतें. म्हणून आरंभ तिला विचारण्यापासूनच करावा.